सरकीतला प्रवासी

बीड जिल्ह्यात गेवराई-माजलगावकडे कपाशीच्या शेतांत रात्री एक पतंग उडतो. लांबी जेमतेम 1 सेंटीमीटर, रंग मातकट करडा, पुढच्या पंखांवर काळसर ठिपके, मागच्या पंखांना झालर. दिवसा तो पालापाचोळ्यात व जमिनीच्या भेगांत दडतो. म्हणून शेतकरी ओळखतो ती त्याची अळी : गुलाबी, अर्थात शेंदरी बोंडअळी.

भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1843 साली या पतंगाचे वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘गॉसिपिएला’ हा शब्द कपाशीच्या ‘गॉसिपियम’ या नावावरून आला.

अंड्यातून निघालेली अळी फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. छिद्र बुजते, बोंड बाहेरून निरोगी दिसते आणि आत सरकी खाल्ली जाते. हंगाम संपल्यावर काही अळ्या सरकीतच सुप्तावस्थेत राहतात. साहजिकच सरकीबरोबर त्यांनीही प्रवास केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही कीड इजिप्तमध्ये, 1911 साली मेक्सिकोत आणि 1917 साली टेक्सासमध्ये पोहोचली.

भारतात 2002 साली बीटी कपाशी आली; 2006 साली दोन जनुकांचे वाण आले. मग 2017 साली बीडसह मराठवाड्यात बोंडे का किडली? हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, पण गुलाबी अळीची भिस्त जवळजवळ केवळ कपाशीवर. बीटीचे विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या. त्यांच्या पतंगांशी जोडी जमवण्यासाठी विषाला बळी पडणारे पतंग शिल्लक हवेत, म्हणून कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम होता. तो फारसा पाळला गेला नाही. शिवाय फरदड ठेवल्याने किडीला उन्हाळ्यापर्यंत अन्न मिळत राहिले.

याउलट अमेरिकेने 2018 साली या किडीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तेथे बीटीच्या जोडीला कामगंध, वंध्य पतंग सोडणे आणि पीक वेळेवर मोडणे असे उपाय सर्वांनी मिळून केले. एकाच्या शेतातली फरदड शेजाऱ्याच्याही बोंडात अळी पाठवते, हे विसरून चालत नाही.

फुलोऱ्याच्या दिवसांत विद्यार्थ्यांना शेतात न्यावे. पाकळ्या न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली ‘डोमकळी’ शोधून अलगद उकलावी. हा इतिहास कदाचित आतच वळवळताना दिसेल.