जिनेव्हा परिषद (१९२४-२५) आणि गांजाचा प्रश्न

इ. स. १९२४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रसंघाच्या विद्यमाने जिनेव्हा येथे दुसरी अफू-परिषद भरली, तेव्हा तिच्या मूळ कार्यक्रमपत्रिकेत गांजाचा विषय नव्हता. अफूचे उत्पादन किती मर्यादित करावे, हा तेथील मुख्य वाद. त्यावरूनच अमेरिकेच्या शिष्टमंडळाने ६ फेब्रुवारी १९२५ रोजी परिषदेचा त्याग केला. पाठोपाठ चीननेही केला. इतिहासलेखकांचे लक्ष या सभात्यागाकडे वेधले गेले, हे स्वाभाविकच होय. भारताच्या दृष्टीने अधिक दूरगामी ठरलेला निर्णय मात्र दुसऱ्याच विषयावर झाला.

गांजावर आंतरराष्ट्रीय निर्बंध असावेत, अशी सूचना दक्षिण आफ्रिकेने राष्ट्रसंघाकडे १९२३ मध्येच केली होती. परिषदेत तो प्रश्न इजिप्तचे प्रतिनिधी डॉ. एल गिंदी यांनी डिसेंबर १९२४ मध्ये उपस्थित केला. इजिप्तमधील वेडाच्या रोग्यांपैकी ३० ते ६० टक्के रोगी हशीशमुळे वेडे होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. बहुतेक प्रतिनिधींजवळ या विषयावर आपापल्या सरकारांच्या सूचना नव्हत्या, आणि त्यांपैकी अनेकांच्या देशांत ही वनस्पती जवळजवळ अपरिचित होती. ज्यात आपले काही जात नाही, अशा ठरावास अनुमती देणे कोणासही जड जात नाही.

वस्तुतः याच आक्षेपाची छाननी भारतात तीस वर्षांपूर्वी झालेली होती. ब्रिटिश पार्लमेंटात उपस्थित झालेल्या प्रश्नावरून १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या व सात खंडांचा अहवाल सादर केला. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड प्रामुख्याने होत असे तो तेव्हाचा अहमदनगर जिल्हाही त्याच्या चौकशीत आला होता. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळांत गांजाच्या नावावर घातलेली २२२ प्रकरणे आयोगाने पुन्हा तपासली. त्यांपैकी केवळ ९८ टिकली. रोग्याबरोबर येणाऱ्या पोलिसी कागदात ‘गांजा’ असे कारण विनाचौकशी लिहिले जाई, असे त्यास आढळले. सरसकट बंदीऐवजी कर व परवाना यांच्याद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याने निष्कर्ष काढला. जिनेव्हाच्या निर्णयावर या परिश्रमाची छाया दिसत नाही.

भारतातर्फे बोलणारे जे. कॅम्पबेल हे ब्रिटिश सरकारी अधिकारी होते. रानोमाळ आपोआप उगवणारी वनस्पती आणि समाजातील धार्मिक व सामाजिक रूढी ही कारणे पुढे करून भारताने पूर्ण बंदीस हरकत घेतली. ती कारणे खरी होती. परंतु गांजावरील अबकारी उत्पन्नही तितकेच खरे होते. अखेर तडजोड झाली ती इतकीच की, ज्या देशांत राळेचा, म्हणजे चरसाचा, वापर निषिद्ध असेल तेथे तिची निर्यात होऊ नये. देशांतर्गत सेवन तूर्त मोकळे राहिले.

ही मोकळीक १९६१ च्या एकल करारात संपुष्टात आली. वैद्यकेतर सेवन बंद करण्यासाठी २५ वर्षांची मुदत ठेवण्यात आली. गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांविना असलेली पाने व बिया वगळण्यात आल्या. भारताच्या १९८५ च्या कायद्याने हीच व्याख्या स्वीकारली. परिणामी पानांची भांग आंतरराष्ट्रीय निषेधाबाहेर राहिली. शेंड्यांचा गांजा ओढणारे बैरागी व श्रमजीवी मात्र गुन्हेगार ठरले. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा सर्वांत कडक परिशिष्टातून काढला. भारताचे मत बाजूने पडले. पहिल्या परिशिष्टातील त्याची नोंद तशीच राहिली.