हुप्प्याचे सुळे

शेगांवच्या आसमंतांत, किंबहुना सर्व वऱ्हाडांत, काळतोंड्या वानरांची ओळख कोणास करून द्यावयास नको. चिंचेवर कळप बसलेला असतो. त्यांतील हुप्प्या जांभई देतो आणि सुरीसारखे लांब सुळे क्षणभर दिसतात. माद्याही तोच पाला, तींच फळें खातात. त्यांचे सुळे मात्र आंखूड. तेव्हां हे दात खाण्यासाठीं नव्हेत, हें उघड आहे.

डार्विननें १८७१ मध्यें मनुष्याच्या उत्पत्तीवरील ग्रंथांत याचें उत्तर दिलें: मादीसाठीं नरानरांत जी झुंज होते, तिचें हें हत्यार. परंतु वानरांच्या कळपाजवळ महिनोन्महिने बसून ती झुंज पाहण्याचें काम बऱ्याच उशिरां झालें. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानें १९६१ ते १९६३ या काळांत धारवाडच्या रानांत तें केलें. तेथें बहुतेक कळपांत एकच हुप्प्या असे. बाकीचे नर टोळी करून बाहेर हिंडत. १९६२ मध्यें अशा एका टोळीनें कळपावर चाल करून जुन्या हुप्प्यास हांकलून दिलें. पुढें टोळींतलाच एक नर आपल्या सोबत्यांना पिटाळून कळपाचा धनी झाला, आणि त्यानें तेथलीं तान्हीं पिलें चावून मारलीं. ही हकीकत पुष्कळांस खरी वाटेना; कित्येकांनीं ती गर्दीमुळें उत्पन्न झालेली विकृति ठरविली. सारा हर्डी या विदुषीनें १९७१ पासून अबूच्या पहाडावर तोच प्रकार अभ्यासिला व त्याचा हिशेब मांडला: तान्हें गेलें म्हणजे आई लवकर माजावर येते, आणि नव्या धन्याचा वंश सुरू होतो.

आतां आपल्या जबड्याकडे वळूं. आपला सुळा शेजारच्या दातांच्या जवळजवळ बरोबरीचा. हातांत दगडसोटा आल्यावर सुळ्याचें काम संपलें, असा डार्विनचा तर्क. मला तो फार दिवस निर्विवाद वाटे. परंतु इथिओपियांत १९९२ पासून जे आर्डिपिथेकसचे अवशेष सांपडले, ते ४४ लक्ष वर्षांपूर्वींचे असून त्यांतील नरांचेही सुळे आंखूडच आहेत. उलट आजवर सांपडलेलीं सर्वांत जुनीं दगडी हत्यारें केनियांतलीं, ३३ लक्ष वर्षांचीं. लांकूड कुजून जातें हा आक्षेप रास्त आहे. तरी दगडाची वाट न पाहतां सुळा घटला, एवढें खरें.

नरमादी जोडप्यानें राहूं लागलीं म्हणून झुंज सरली, असें ओवेन लव्हजॉय म्हणतात. पण आसामांतला हुलॉक जोडप्यानेंच राहतो, आणि त्याचे व त्याच्या मादीचे, दोघांचेही सुळे लांब असतात. आपल्या मुलुखाची राखण दोघेंही करतात. आपल्यांतही पुरुषाचा सुळा स्त्रीच्या सुळ्याहून सरासरीनें किंचित् मोठाच भरतो.