चोपीनो आणि धक्क्यावरची बंदी

सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन आलेली आपली माणसं आधी पुलाचे फोटो दाखवतात आणि मग हमखास सांगतात, ‘तिथे एका इटालियन हॉटेलात रस्सा खाल्ला, कवचासकट चिंबोरी घातलेला!’ त्या रश्श्याचं नाव चोपीनो. पदार्थ इटालियन माणसांचा, पण इटलीचा नाही. तो या बंदरावर घडला. आणि ज्या धक्क्यावर तो आजही वाढला जातो, त्या धक्क्यावर 1942 मध्ये त्याच माणसांना यायला बंदी होती. आज ती गोष्ट सांगायची आहे.

1849 च्या आसपास सोन्यासाठी कॅलिफोर्नियात झुंबड उडाली, त्यात जिनोआकडचे लोकही आले. सोनं थोड्यांनाच लागलं. बाकीच्यांतल्या कित्येकांनी घरून येत होतं ते काम धरलं, म्हणजे मासेमारी. मागाहून सिसिलीचे कोळी आले आणि हळूहळू धक्का त्यांच्या हातात गेला. जिनोआच्या बोलीत ‘चुपिन’ नावाचं एक सूप आहे. विकून उरलेली बारीकसारीक मासळी शिजवून घोटायची, की झालं. इथे त्यात डंजनेस जातीची भली मोठी चिंबोरी पडली, तिसऱ्या पडल्या, टोमॅटो वाढला आणि घोटणं बंद झालं. आपल्याकडेही कोळणीच्या घरचं कालवण बाजारात काय उरलं त्यावर ठरतं, त्यामुळे हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गाइड मंडळी एक कथा सांगतात. म्हणे एक माणूस भांडं घेऊन होड्यांवरून फिरायचा आणि ‘चिप इन’, म्हणजे ‘तुमचा वाटा टाका’, असं ओरडायचा, त्यावरून चोपीनो. ऐकायला छान आहे, पण ‘चुपिन’ शब्द समोर असताना तिच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

या नावाची पहिली छापील नोंद 1906 ची आहे. त्या वर्षी 18 एप्रिलला भूकंप झाला आणि मागोमाग लागलेल्या आगीत इटालियनांची वस्ती असलेला नॉर्थ बीच भाग जवळजवळ सगळा जळला. बेघर झालेल्यांसाठी पैसे उभे करायला एक पाककृतींचं पुस्तक काढलं गेलं, त्यात चोपीनो आहे. 1886 साली सुरू झालेल्या ‘फिओर द’इतालिया’ या रेस्टॉरंटनं तर तंबू ठोकून जेवण वाढायला सुरुवात केली. या भागातल्या जुन्या खाणावळींची रीत साधी होती. लांब टेबल, ठरलेला दर, सूपपासून पास्त्यापर्यंत एकामागून एक येणारी मोठी ताटं आणि सोबत वाइन. एकट्यानं राहणारा कामगार डोळ्यांसमोर ठेवून ही व्यवस्था बसली होती. आज हिलाच ‘फॅमिली स्टाइल’ म्हणतात, याची मला गंमत वाटते.

आता धक्क्यावर, म्हणजे फिशरमन्स वॉर्फवर येऊ. नुन्झिओ आलिओटो यांनी 1925 मध्ये तिथे मासळीचा गाळा घातला. ते 1933 मध्ये वारले. त्यांच्या पत्नी रोझ यांनी धंदा हातात घेतला आणि 1938 मध्ये तिथेच स्वयंपाकघर थाटून रेस्टॉरंट उघडलं. त्याच्या आदल्याच वर्षी डिमॅजिओ कुटुंबानंही धक्क्यावर आपलं रेस्टॉरंट काढलं होतं. पाटीवर नाव होतं मुलाचं, जो डिमॅजिओचं. बेसबॉल न पाहणाऱ्यांनी एवढंच समजावं की त्या काळात अमेरिकेत हे नाव ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागला असता. 1941 मध्ये त्यानं सलग 56 सामन्यांत हिट मारण्याचा विक्रम केला, तो अजून मोडलेला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिका युद्धात उतरली. इटली शत्रू ठरली आणि नागरिकत्व न घेतलेले सुमारे 6 लाख इटालियन ‘शत्रुदेशीय परके’ ठरले. जोचे वडील जुसेप्पे हे सिसिलीचे कोळी. चार दशकांहून जास्त काळ अमेरिकेत राहिले, पण नागरिक झाले नव्हते. त्यांची होडी जप्त झाली. ओळखपत्र सतत जवळ हवं, परवान्याशिवाय घरापासून पाच मैलांपलीकडे जायचं नाही, आणि धक्का तर निषिद्ध क्षेत्रात. मुलाच्या नावाची पाटी असलेल्या स्वतःच्या कुटुंबाच्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन बापाला जेवता येईना.

शिवाय रात्री आठ ते सकाळी सहा घराबाहेर पडायची बंदी. खाणावळीच्या बाजूनं हा नियम वाचा. नागरिकत्व नसलेल्या आचाऱ्यानं किंवा वाढप्यानं रात्रीचं जेवण वाढायचं कसं? फेब्रुवारी 1942 मध्ये संसदेच्या एका समितीपुढे एका वकिलानं डिमॅजिओ कुटुंबाचंच उदाहरण मांडलं. अखेर 12 ऑक्टोबर 1942 ला, कोलंबस दिनी, इटालियनांवरचा शिक्का काढल्याचं जाहीर झालं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे 1 लाख 20 हजार लोकांना छावण्यांत डांबलं, आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. त्यांच्यासाठी कुठला कोलंबस दिन आला नाही. दोन्ही अन्यायांचं वजन सारखं नव्हतं.

जोची आई रोझालिया 1944 मध्ये आणि जुसेप्पे 1945 मध्ये नागरिक झाले. इटालियनांशी झालेली वागणूक सरकारदरबारी मान्य करणारा कायदा यायला मात्र 2000 साल उजाडलं. आलिओटोंचं रेस्टॉरंट 2022 मध्ये बंद झालं.

चोपीनो अजून मिळतो. गळ्यात लाळेरं बांधून देतात, ते लाजू नका, बांधून घ्या. चिंबोरी हातानंच फोडायची असते आणि खाली राहिलेल्या रश्श्यात आंबट पाव बुडवायचा. चिंबोरीचा हंगाम पूर्वी नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू व्हायचा. अलीकडे देवमासे सापळ्यांच्या दोरांत अडकू नयेत म्हणून तो बरेचदा पुढे ढकलतात, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा.