चीडाच्या तेलातलं कॅरीन

खांदेमळणी झाली की दुसऱ्या दिवशी पोळा. आमच्या मोताळ्यात बैलांची शिंगं रंगवायची, तर ऑइलपेंट पातळ करायला टर्पेंटाइन लागायचंच. आता दुकानात मिळतं ते बहुधा पेट्रोलियमचं. पूर्वीचं खरोखर झाडाचं असायचं. पुढं मी रसायनशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा याच तेलाचा इतिहास मला पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त खेचू लागला.

हे तेल हिमालयातल्या चीड झाडांच्या राळेतून निघतं. 1920 साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत असताना जॉन सिमोनसेन यांनी त्यात कॅरीन हा नवा घटक शोधला. भारतीय तेलाचा निम्म्याहून अधिक भाग तोच. अमेरिकी तेलात पिनीनचा वरचष्मा. पिनीन खपायचं, कॅरीनला गिऱ्हाईक नव्हतं. मग साठच्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि त्यांचे सहकारी त्याच्यामागं लागले.

पिनीन काय नि कॅरीन काय, दोन्ही रेणू एकहाती आहेत, म्हणजे आरशातल्या डाव्या-उजव्या जोडीपैकी एकाच रूपाचे, हीच त्यांची किंमत. बैल बाजू बदलून जुंपला की बिथरतो. औषधाचा रेणूही उलट्या हाताचा निघाला तर शरीर दाद देईलच असं नाही. साध्या रीतीनं बनवलं तर डावा-उजवा निम्मानिम्मा येतो. त्यावर तोड अशी, की झाडानं फुकट घडवलेला एकहाती रेणू मदतीला जोडायचा. तो एक बाजू अडवतो, नवा बंध दुसऱ्या बाजूनं होतो, मग त्याला सोडवायचं.

1961 मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन आणि झ्वाइफेल यांनी पिनीन बोरॉनला जोडून हे करून दाखवलं. 1983 मध्ये ब्राउन यांच्यासोबत पी. के. जाधव. (आडनाव वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. फुकटचा अभिमान, पण आला खरा.) बोरॉनच्या दोन हातांना दोन पिनीन, तिसऱ्याला तीन कार्बनचा अ‍ॅलिल गट, उणे 78 अंशांना अल्डिहाइड घातलं की हा गट बहुतांशी एकाच बाजूनं जाऊन बसतो. पाठोपाठ त्यांनी कॅरीन घेतलं, तर निवड आणखी चोख!

तरी प्रयोगशाळांत जास्त रुळलं ते पिनीनच. कारण निव्वळ व्यवहाराचं: पिनीन दोन्ही हातांचं सहज विकत मिळतं, कॅरीन मात्र झाडं बहुधा एकाच हाताचं देतात. उलट्या हाताचं औषध हवं असेल, तर कॅरीनवाल्यानं जायचं कुठं?