हस्तिदंती सांगाड्यापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

विश्रांतवाडीतल्या आमच्या शाळेत विज्ञानाच्या खोलीत एक सांगाडा उभा आहे. प्लास्टिकचा. दरवर्षी नववीचा नवा वर्ग आला की कोणीतरी त्याच्या बरगड्यांना बोट लावून विचारतेच, "सर, हा खऱ्या माणसाचा आहे का?" 'नाही' म्हटले की निम्म्या वर्गाला हायसे वाटते आणि निम्मा वर्ग हिरमुसतो.

या दोन्ही प्रतिक्रियांमागे मोठा इतिहास आहे. शरीर आतून कसे असते हे शिकायला खरे शरीरच हवे, की प्रतिकृती पुरेल? खरे हवे असेल, तर ते कोणाचे? आज वैद्यकीय संग्रहालयांतल्या जुन्या बरण्यांमधले नमुने संगणकाच्या पडद्यावर त्रिमित रूपात आणले जात आहेत, तेव्हा हेच प्रश्न पुन्हा समोर येतात. म्हणून जरा मागे जाऊन पाहू.

तंजावरचा राजा

तंजावरच्या भोसले घराण्यातला राजा दुसरा सरफोजी १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होता. त्याला वैद्यकाची मनापासून आवड होती. १८०४च्या सुमारास तंजावरला आलेल्या व्हॅलेन्शिया या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की राजा शरीररचना शिकत होता. पण धर्माच्या बंधनामुळे त्याला विच्छेदन करता येत नव्हते की खरा सांगाडाही बाळगता येत नव्हता. मग त्याने काय केले? संपूर्ण सांगाडा हस्तिदंतात कोरवून मिळवला!

विटाळही नाही आणि अभ्यासही अडत नाही. प्रतिकृतीचा हा मोठाच फायदा. पण हस्तिदंतात कोरलेले हाड म्हणजे कारागिराला दिसलेले हाड. एखादे हाड लहानपणी मोडून वाकडे जुळले असेल, म्हातारपणी झिजले असेल, तर त्याची खूण तिथे कशी येणार? सरफोजीला स्वतःलाही खऱ्या रुग्णांचे मोल ठाऊक होते. डोळ्यांच्या रुग्णांच्या त्याने ठेवविलेल्या नोंदी, रंगवलेल्या डोळ्यांच्या चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत.

विटाळाची ही भिंत पुढे फार काळ टिकली नाही. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ साली तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते.

चित्रकार डॉक्टर

याच ग्रँट मेडिकल कॉलेजात १८५८ साली एक तरुण इंग्रज डॉक्टर शरीररचना शिकवायला आला. त्याचे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हे नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. १८५८ साली निघालेल्या त्या ग्रंथाचा मजकूर हेन्री ग्रेचा, पण ३६३ चित्रे कार्टरची. भागांची नावे बाजूला न देता त्या त्या स्नायूवर, रक्तवाहिनीवरच लिहायची, ही त्या चित्रांची खुबी. कार्टरला एकरकमी दीडशे पौंड मिळाले. पुढच्या आवृत्त्यांतून काही नाही. ग्रे तर १८६१ साली ऐन चौतिसाव्या वर्षी देवीच्या रोगाने गेला.

ही चित्रे लंडनमध्ये विच्छेदन केलेल्या शरीरांवरून काढली होती. तिथे १८३२च्या कायद्याने विच्छेदनासाठी मिळत ती मुख्यतः इस्पितळांत आणि अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहांत मेलेल्या, कोणी ताब्यात न घेतलेल्या माणसांची प्रेते. ग्रंथात ग्रेचे नाव आहे, कार्टरचे आहे. ज्यांच्या शरीरांवरून जग शिकले, त्यांपैकी एकाचेही नाव नाही.

कार्टर १८६३पासून काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. या देशात त्याने ज्या रोगांचा पाठपुरावा केला, त्यांत एक होता पाऊल सुजवून पोखरून टाकणारा रोग. अनवाणी काम करणाऱ्या शेतकऱ्याच्या पायात काटा मोडावा, तिथून रोग शिरावा, आणि काही वर्षांनी पावलाला भोके पडून त्यांतून बारीक दाणे बाहेर यावेत, असे त्याचे स्वरूप. तेव्हा पाय कापण्याखेरीज फारसा उपाय नव्हता. कार्टरने असे कापलेले पाय उभे चिरून तपासले, चित्रे काढली, आणि रोग बुरशीमुळे होतो असे मांडले. त्याने दिलेले 'मायसेटोमा' हे नाव आजही चालते. त्याचा या विषयावरचा ग्रंथ १८७४ साली निघाला.

काही नमुन्यांत दाणे काळे, तर काहींत फिकट असतात, हे कार्टरने नोंदले होते. पुढे कळले, की हा एक रोग नसून दोन आहेत. काही बुरशीमुळे होतात, तर काही धाग्यांसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंमुळे, आणि दोघांची औषधे वेगळी. हा भेद चित्र पाहून नक्की करता येत नाही. चित्रात चित्रकाराला दिसले तेवढेच असते. पण पाऊलच जपून ठेवले असेल, तर पन्नास वर्षांनी आलेला माणूस त्याला नवा प्रश्न विचारू शकतो. जुन्या नमुन्याचे खरे मोल यात आहे.

बरणीत न शिरता

दुसरे कारणही आहे. देवीचा रोग भारतातून १९७५ साली गेला. वर्षानुवर्षे उपचारांवाचून वाढलेल्या क्षयाने मोडलेला पाठीचा कणा आजच्या विद्यार्थ्याला क्वचितच पाहायला मिळतो. असे रोग शिकायला जुनी बरणीच हवी. पण बरण्या थकतात. द्रव उडून जातो, रंग फिका पडतो, काच तडकते. नमुना बाहेर काढावा तर फाटण्याची भीती.

इथे संगणक कामाला येतो. एक पद्धत छायाचित्रांची. नमुन्याभोवती फिरत शेकडो छायाचित्रे घ्यायची. एकच ठिपका वेगवेगळ्या कोनांतून कुठे दिसतो यावरून संगणक त्याची जागा काढतो आणि पृष्ठभाग उभा करतो. सुक्या हाडाला ही पद्धत उत्तम. बरणीला मात्र अडचण येते, कारण काच चकाकते आणि द्रवात प्रकाश वाकतो. पाण्यात पेन्सिल मोडलेली दिसते ना, तसेच. दुसरी पद्धत सीटी स्कॅनची. क्ष-किरण चहूबाजूंनी पाठवून आतले काप मोजायचे आणि एकावर एक रचायचे. बरणी उघडावी लागत नाही. हाड स्वच्छ उमटते. पण स्नायू, चरबी आणि द्रव क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात, म्हणून मऊ भागांसाठी एमआरआयची मदत घ्यावी लागते.

असा नमुना मग एका वेळी हजार विद्यार्थी फिरवून, कापून, पुन्हा जोडून पाहू शकतात. सरफोजीच्या सांगाड्याने हे जमले नसते.

पडद्यावरचा माणूस कोण?

अमेरिकेत १९९४ साली एका संपूर्ण पुरुषदेहाची अशी संगणकीय प्रत प्रसिद्ध झाली. देह गोठवून, एकेक मिलिमीटर तासून, १८७१ कापांची छायाचित्रे घेतली होती. तो देह टेक्सासमध्ये १९९३ साली देहदंड झालेल्या कैद्याचा. त्याने देहदान केले होते. पण आपले शरीर जगभरच्या संगणकांवर जाईल, हे त्याला सांगितलेले नव्हते. गंमत अशी, की जगाने 'नमुनेदार' मानलेल्या या माणसाला अपेंडिक्सच नव्हते. ते आधीच शस्त्रक्रियेने काढलेले होते! कोणतेही एक शरीर 'माणसाचे शरीर' नसते, ते कोणा एकाचेच असते.

आपल्याकडे बेवारस देह महाविद्यालयांना देण्याची तरतूद १९४९च्या मुंबईच्या शरीररचना कायद्याने केली. विसाव्या शतकात परदेशांतल्या कितीतरी वर्गांत लटकणारे सांगाडे भारतातून गेलेले होते. ती निर्यात १९८५ साली बंद झाली. त्या सांगाड्यांना कोणी विचारले होते?

म्हणून जुना नमुना पडद्यावर नेताना दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. एक, बरणीवरची चिठ्ठीही सोबत गेली पाहिजे: कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणता आजार, संमती होती की नव्हती. नाव झाकावे, पण माणूस झाकू नये. दोन, स्कॅन झाला म्हणून बरणी टाकून देऊ नये. यंत्राने मोजले तेवढेच स्कॅनमध्ये असते. कार्टरच्या चित्राची मर्यादा त्यालाही लागू आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे: बकऱ्याचे स्वच्छ केलेले, वाळलेले हाड घ्या. एका गटाने फक्त त्याची चारी बाजूंची छायाचित्रे पाहून वर्णन लिहावे, दुसऱ्याने हाड हातात घेऊन. मग दोन्ही वर्णने शेजारी ठेवा. वजन, खरखरीतपणा, आतली पोकळी यांपैकी काय कोणाकडून निसटले?

आणि पुढच्या वेळी कोणी विचारले, "सर, हा खरा आहे का?" तर लगेच 'नाही' म्हणू नका. "खरा असता, तर तो कोणाचा असता?" असे विचारा, आणि वर्ग काय म्हणतो ते ऐका.