साहस नावाचे कारण

वाराणसीत भोसले घाटावरून गंगेच्या काठाने उत्तरेकडे निघाले की गणेश घाट, मेहता घाट आणि मग रामघाट लागतो. पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. या पट्ट्यात मराठी घराणी पिढ्यानपिढ्या राहत आली. नागपूरकर भोसल्यांनी इथे घाट बांधला, अमृतराव पेशव्यांनी गणपतीचे देऊळ उभारले. रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. शेजारचा मेहता घाट पूर्वी रामघाटाचाच भाग होता. तिथे रुग्णालय झाले आणि त्यावरून घाटालाही वेगळे नाव मिळाले.

मराठी माणसे काशीत रुजली, पण काशी पेशव्यांच्या राज्यात कधी आली नाही. काशी आणि प्रयाग मिळवावेत, ही इच्छा थोरल्या माधवरावांनी अखेरच्या दिवसांत लिहून ठेवली होती. तेव्हा त्यांचे वय होते 27.

पानिपतानंतर, 1761 साली, सोळाव्या वर्षी ते पेशवे झाले. चुलत्याशी भांडण, निजामाशी लढाई, हैदर अलीवर पुन्हा पुन्हा स्वारी, डोक्यावर कर्ज. 1770 च्या कर्नाटक मोहिमेत प्रकृतीने साथ सोडली आणि सैन्य त्र्यंबकराव मामा पेठ्यांच्या हाती देऊन त्यांना मागे फिरावे लागले. मार्च 1771 मध्ये मोती तलावावर मामांनी हैदरचा पराभव केला. जानेवारी 1772 मध्ये मराठ्यांनी शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवले. राज्य सावरत होते आणि राज्य सावरणारा झिजत होता. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला, चिंतामणीच्या देवळात, माधवराव गेले.

दुखण्याला नाव होते : राजयक्ष्मा. चरकसंहितेत या रोगावर स्वतंत्र अध्याय आहे. खांदे आणि बरगड्यांत दुखणे, हातापायांची आग, अंगात मुरलेला ताप, ही त्याची लक्षणे. कारणे चार सांगितली आहेत : साहस, म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, शरीराचे वेग रोखून धरणे, धातूंचा क्षय, आणि विषमाशन, म्हणजे अवेळी, अयोग्य खाणे. लक्षणांचे हे वर्णन आजही ओळखू येते. पण पहिले कारण वाचताना थांबावेसे वाटते. तरुण माणूस थकला, छातीत दुखते म्हणाला, वाळत चालला, तर त्याने फार ओढून घेतले असणार, हे उत्तर तयारच असते. मग आजार हा त्याच्या स्वभावाचा भाग होतो. माधवरावांचेही तसेच झाले. 1962 साली आलेल्या रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने ते मराठी घराघरांत पोचले, आणि त्यांचा क्षय कर्तव्यनिष्ठेपासून वेगळा काढणे वाचकाला अवघड झाले.

माधवरावांनंतर 110 वर्षांनी, 24 मार्च 1882 रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास बंगालमध्ये एक मराठी तरुणी सततच्या अशक्तपणाने हैराण होती. डोके दुखे, मधूनमधून ताप येई, कधी धाप लागे. अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटर तिला औषधे पाठवत, गुण येत नसे. ती आनंदीबाई जोशी. अठराव्या वर्षी ती वैद्यकी शिकायला समुद्रापार गेली. 11 मार्च 1886 रोजी तिने फिलाडेल्फियात पदवी घेतली. दुखणे क्षयाचे होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक तिची वाट पाहत राहिली. 26 फेब्रुवारी 1887 रोजी ती पुण्यात वारली. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

तिच्याही बाबतीत कारणे तयार होती : फिलाडेल्फियाची थंडी, परका आहार, झेपेल त्याहून जास्त अभ्यास. यांनी प्रकृती ढासळली हे खरे. पण अशक्तपणा, ताप आणि धाप आधीची होती, बोट नंतरची. एवढा साधा क्रम तिच्या धाडसाच्या कथेत मागे पडतो. आणि रोगाचे कारण कळले तरी उपाय हाती नव्हता. क्ष-किरण 1895 मध्ये सापडले, स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये.

आज उपाय आहे. तरी जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. आणि इथे चरकाचे चौथे कारण नव्या अर्थाने समोर येते. झारखंडमध्ये 2019 पासून झालेल्या एका मोठ्या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्यांना पुरेसे धान्य आणि डाळ दिली गेली. तो शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी राहिले. कृशपणा हा क्षयाचा परिणाम असतो, तसा क्षयाला उघडलेला दरवाजाही असतो. जंतू मेहनती माणसाला निवडत नाही. उपाशी शरीरात तो सहज जागा होतो.

छातीतली प्रत्येक कळ आणि प्रत्येक थकवा म्हणजे क्षय नव्हे. रक्त कमी असेल, हृदयाची झडप बिघडलेली असेल, थायरॉइड वाढलेले असेल. पण हे ठरते वजनकाट्यावर, थुंकीच्या तपासणीत, एका क्ष-किरण चित्रात. स्वभावाच्या वर्णनात ते ठरत नाही. आपल्या घरांत अजूनही वाळलेल्या मुलाला ‘अंगाला लागतच नाही’ म्हणतात आणि धापणाऱ्या मुलीला ‘फार जागते’ म्हणतात. दोन्ही वाक्यांत माया असते, आणि दोन्हींनी महिने निघून जातात.

रामघाटावरून मेहता घाटावर जायला चार पावले पुरतात. माधवरावांना आणि आनंदीबाईंना तेवढे अंतर मिळाले नाही. आज ते मिळालेले आहे. ज्याला चालायचे त्याला दम लागतो, म्हणून कुणीतरी सोबत जावे लागते.