सामरी, चेटकीण आणि आरेतला वाघोबा: जंगलातल्या 'विधी'ची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे लोकलमध्ये चढल्यावर बघतात की इयरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना माझं जे 'अं… म्हणजे… काय ते…' होतं तेवढं कापलंय. बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात एका रीलपासून करतो. रील माझीच आहे, आणि त्याचा मला अभिमान नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या आम्हा चौघांना मोबाईलवर हॉरर शॉर्टफिल्म करायची हुक्की आली. स्क्रिप्ट म्हणजे काय, तर चार पोरं जंगलात जातात, तिथे कुणीतरी काहीतरी विधी करत असतं, पोरं बघतात, एक मरतो. बजेट भाड्याचा एक गिंबल आणि वडापाव. मी मनोरीचा, त्यामुळे सकाळची मार्वेची बोट, मग मालाड, मग गोरेगाव, असं करत आरेत पोचलो. दिवाळीच्या आधीचा दिवस होता. आत थोडं चालल्यावर एका झाडाखाली शेंदूर फासलेली लाकडी फळी दिसली. पुढे नारळ, पणती, कोंबडीची पिसं. बाजूला एक म्हातारी बाई बसलेली. आम्ही लांबून झूम करून सगळं शूट केलं. विचारलं नाही. रात्री घरी एडिट करताना खाली घूऽऽ असा आवाज टाकला, रंग निळसर केला आणि वर लिहिलं, 'मुंबईच्या जंगलात काळी जादू?'

रील चालली. कॉमेंटमध्ये निम्म्या लोकांनी एकच शब्द लिहिला होता. चेटकीण.

चौथ्या दिवशी एका मुलाचा मेसेज आला. 'दादा, ती माझी आत्या आहे. तो आमचा वाघोबा आहे. वाघबारस होती त्या दिवशी. पोरं तिला चिडवतायत आता.'

मी रील काढून टाकली. पण डोक्यातून जाईना, की 'जंगल आणि शेंदूर' बघितल्याबरोबर माझ्या हाताने तो घूऽऽ आवाज का टाकला? मला तो कुणी शिकवला? म्हणून हा भाग.

आधी वाघोबा. वारली लोकांचा हा देव. ठाणे, पालघर आणि आपलं मुंबई उपनगर, इथे वाघोबाची ठाणी आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी या पट्ट्यात दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवलीत. लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरलेला असतो, बऱ्याचदा सोबत चंद्र-सूर्य. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे आपण ज्या दिवशी वसुबारस म्हणून गायवासराची पूजा करतो त्याच दिवशी, तिकडे वाघबारस असते. कोंबडं नाहीतर बकरं देतात. मागणं साधं असतं: आमच्या माणसांना आणि गुरांना सांभाळ. आरे आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आजही बिबटे फिरतात, त्यामुळे हे मागणं अगदी व्यवहारातलं आहे. ज्याच्यासोबत राहायचं त्याच्याशी दरवर्षी बोलणी करून ठेवायची. आमच्याकडे कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, त्याची कुणी हॉरर रील करत नाही. मीही केली नसती.

इंग्रजी सिनेमात अशा पूजेला 'पेगन' म्हणतात. मूळ लॅटिन 'पेगानस', अर्थ खेडवळ, गावढा. ख्रिस्ती धर्म रोमन शहरांमध्ये पसरला, गावाकडची माणसं जुने देव धरून राहिली, आणि शहरवाल्यांच्या तोंडी 'गावढा' आणि 'खोट्या देवाचा' हे एकच झालं. शब्दातच शहराची नजर आहे.

याहून भारी गोष्ट पुढे आहे. १९७३ चा ब्रिटिश सिनेमा 'द विकर मॅन' बघितलात? एक पोलीस अधिकारी स्कॉटलंडच्या बेटावर हरवलेल्या मुलीला शोधायला जातो. तिथली माणसं जुन्या देवांना मानणारी. शेवटी काय होतं ते सांगत नाही, पण वेताचा एक प्रचंड पुतळा असतो. तो पुतळा आला कुठून? ज्युलियस सीझरच्या लेखनातून. गॉल लोक माणसांना वेताच्या पुतळ्यात कोंडून जाळतात, असं सीझरने लिहून ठेवलंय. आता सीझर कोण? त्याच गॉल लोकांचा देश जिंकायला गेलेला सेनापती. ज्यांना हरवायचंय त्यांच्या देवपूजेचं वर्णन हल्लेखोर लिहितो, आणि दोन हजार वर्षांनी त्यावर सिनेमा निघतो. सिनेमा मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण साक्षीदार बघा कोण आहे!

आता मुंबई.

आपल्याकडे स्वस्त हॉरर म्हटलं की रामसे. मूळ आडनाव रामसिंघानी, सिंधी कुटुंब, फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलं. वडील एफ. यू. रामसे यांचा रेडिओचा धंदा होता. नंतर सिनेमे काढायला लागले. १९७० मध्ये त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट पकडली. पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या एका सीनला पब्लिक दचकतं, ओरडतं. मग सगळा सिनेमाच तसा का करू नये? आमच्या क्षेत्रात याला युजर डेटा बघून प्रॉडक्ट बदलणं म्हणतात. रामसेंनी ते अंधारात प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये बसून केलं.

सात भाऊ. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, कुमार लेखन, गंगू कॅमेरा, किरण साउंड, अर्जुन एडिटिंग, सोबत केशू. कुणी फिल्म स्कूलला गेलेलं नाही, पुस्तक वाचून शिकले. १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळं कुटुंब आणि मोजकं युनिट महाबळेश्वरला गेलं. साधारण चाळीस दिवसांत साडेतीन लाखांत सिनेमा केला, असं ते मुलाखतींमध्ये सांगायचे. सेट नाही, कारण महाबळेश्वरचं धुकं आणि झाडी फुकट. स्वयंपाकही घरच्यांनीच करायचा.

आणि मग १९८४, 'पुराना मंदिर'. कॉलेजच्या वयाचं प्रेमी जोडपं, सोबत मित्र आणि त्याची बायको, शहरातून गाडी काढून जुन्या हवेलीवर जातात. दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या राजाने सामरी नावाच्या सैतानभक्ताला पकडून त्याचं मुंडकं उडवलेलं. मुंडकं एका पेटीत, धड दुसरीकडे पुरलेलं. मरताना त्याने शाप दिलाय की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. आपले सदाशिव अमरापूरकरही यात आहेत. पण खरा स्टार सामरीच. ते काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल रुरकीहून शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. सगळ्या बीटेकवाल्यांनी लक्षात ठेवा, प्लेसमेंट कुठेही होऊ शकते.

त्याच वर्षी स्पीलबर्गचा 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आला. त्यात अमरीश पुरी जिवंत माणसाचं काळीज हाताने काढतात. भारत सरकारने शूटिंगला परवानगी दिली नव्हती, म्हणून भारतातले सीन श्रीलंकेत झाले. म्हणजे हॉलिवूड आपल्याला जंगली ठरवत होतं म्हणून आपण चिडलो होतो, आणि इकडे आपलेच सिनेमे, हवेली असो वा जंगल, तांत्रिक-भगत-बळी असा तोच मसाला शहराबाहेरच्या माणसांवर ओतत होते. मी लहानपणी केबलवर हेच बघत मोठा झालो. 'झी हॉरर शो'सुद्धा रामसेंचाच. घूऽऽ आवाजाचा उगम सापडला.

'पुराना मंदिर'मध्ये एक गोष्ट मात्र नीट बघा. राजाचा निकाल बरोबर असतो. सामरी खरंच दुष्ट आहे. ज्याला शिक्षा झाली तो गुन्हेगारच होता.

आता सत्तावीस वर्षं पुढे या. १३ मे २०११, 'रागिनी एमएमएस'. पवन कृपलानींचा पहिला सिनेमा, निर्मिती एकता कपूर यांची, राजकुमार राव तेव्हा अजून नवखा, सोबत कैनाझ मोतीवाला. जोडपं वीकेंडला शहराबाहेर, झाडीतल्या एकाकी घरात जातं. घरात छुपे कॅमेरे लावलेले, सगळी गोष्ट त्या फूटेजमधून दिसते. ही युक्ती 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' आणि त्याआधीच्या १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ची. 'ब्लेअर विच'मध्ये तीन विद्यार्थी हातात कॅमेरा घेऊन मेरीलँडच्या जंगलात जातात. शूटिंग आठ दिवसांचं, सुरुवातीचा खर्च साठ हजार डॉलरच्या आसपास, कमाई जवळपास पंचवीस कोटी डॉलर. त्यासाठी दिग्दर्शकांनी एक दंतकथा रचली: १७८५ साली गावाने एका बाईला चेटकीण ठरवून ऐन थंडीत जंगलात हाकलून दिलं. म्हणजे जंगलातलं भूत तिथे आधीपासून नव्हतं. गावाने तिला तिथे पाठवलं.

'रागिनी'मधलं भूत मराठी बोलतं. हिंदी सिनेमात मराठी भूत, आणि ती परत परत काय सांगते, तर ती चेटकीण नव्हती. लोकांनी तिला चेटकीण म्हणून मारलंय. सामरीच्या वेळी शिक्षा देणारा बरोबर होता, इथे शिक्षा देणारे चूक आहेत. कमी बजेटच्या, पोस्टरवर भलतंच काही विकणाऱ्या सिनेमाने हे केलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. पण सिनेमा तिथेच थांबतो. तिचं म्हणणं भीती दाखवायला वापरतो, ते ऐकून घ्यायला नाही. आम्ही तर त्याहून वाईट. हॉस्टेलमध्ये तिचं ते वाक्य आवाज काढून म्हणायचो आणि हसायचो. आरोप नाकारणाऱ्या बाईची आम्ही मिमिक्री केली.

ऐकायचं काम सहा वर्षांनी 'लपाछपी'ने केलं. २०१७, विशाल फुरिया, पूजा सावंत आणि उषा नाईक. इथे जंगलाऐवजी उसाचं शेत. बाहेरून हिरवंगार, आत शिरलं की दिशा कळत नाही. विधी कुठल्या दाढीवाल्या मांत्रिकाचा नाही, घरातल्याच माणसांचा. मुली जन्मायला नकोत म्हणून काय केलं गेलं, त्याची भुतं आहेत. पुढे त्याचा हिंदीत 'छोरी' झाला, पण ऊस बघावा तर मराठीतच.

इथे कुणी म्हणेल, अरे पण नरबळी खरंच झालेत की. झालेत. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ दरम्यान बायका आणि लहान मुलींचे खून झाले. गुप्तधनासाठी बळी, अशी ती केस. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णींना पाठवलं होतं. २०२४ मध्ये त्यावर वेबसिरीज आली. मी ते नाकारत नाही. पण मानवत हे बाजारपेठेचं गाव आहे, अरण्य नाही, आणि तिथे हवा होता तो पैशाचा हंडा.

दुसरीकडे 'चेटकीण' म्हणणं हे सिनेमापुरतं नाही. नंदुरबारकडे सातपुड्यात 'डाकीण' ठरवून बायकांना मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय. अंधश्रद्धा निर्मूलनवाले तिथे वर्षानुवर्षं काम करतायत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. कित्येक वर्षं अडकलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. लोक समजतात की कायदा फक्त भोंदूबाबांसाठी आहे. पण एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, असं जाहीर करून तिचं जगणं मुश्किल करणं, हाही त्यात गुन्हा आहे. मी ते कलम वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि समोर माझ्याच रीलचा कॅप्शन होता, प्रश्नचिन्हासकट. प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, असं मला तोपर्यंत वाटायचं.

गेल्या वाघबारसेला त्या मुलाने मला बोलावलं. मोबाईल खिशातच ठेवला. आत्या माझ्यावर चिडलेली नव्हती, किंवा दाखवलं नाही. तिने चहा दिला आणि विचारलं, तुमच्या पिक्चरमध्ये बिबट्या होता का? म्हटलं, नाही. ती भाच्याकडे बघून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली, दोघं हसले. मला अर्थ कुणी सांगितला नाही, मीही विचारला नाही.

शॉर्टफिल्म अर्धवटच आहे. रील माझ्या अकाउंटवर नाही, पण 'मुंबईतल्या झपाटलेल्या जागा' अशा एका दुसऱ्याच व्हिडिओत ती कापून घातलेली मला मे महिन्यात दिसली. दोनदा रिपोर्ट केली, अजून आहे. आत्याचा चेहरा सातव्या सेकंदाला येतो, पाठीमागे शेंदूर लावलेली फळी, आणि घूऽऽ आवाज माझाच. तुमच्यासमोर आली तर पुढे पाठवू नका, रिपोर्ट करा.

पुढच्या भागात रामसेंचा मेकअप. तोपर्यंत, भेटूच.